अंगणातले अंजीर : निवड कोणत्या जातीची?

परसदारी एखादे तरी फळझाड असावे, ही हौस मराठी माणूस जिथे जाईल तिथे आपल्याबरोबर घेऊन जातो. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुने वाडे असोत, बडोद्यातील घरे असोत की बेळगाव-हैदराबादकडील बंगल्या असोत; तुळशीवृंदावनाच्या मागे पेरू, लिंबू, सीताफळ ही मंडळी हटकून भेटतात. अंजिराचे झाड मात्र त्या मानाने विरळाच. ज्यांनी ते हौसेने लावले, त्यांपैकी काहींच्या वाट्याला निराशा येते. झाड जोमाने वाढते, फळेही धरतात. पण सुपारीएवढी झाली की टपाटप गळून पडतात. घरधनी कधी पाण्याला दोष देतो, कधी मातीला, आणि शेवटी झाडावर कुऱ्हाड चालवतो. कीड, रोग, पाण्याची ओढाताण ही कारणे असू शकतात. परंतु कित्येकदा खरा दोष असतो तो जातीच्या निवडीत.

हे कोडे उकलण्यासाठी अंजिराचे कुळ समजून घेतले पाहिजे. अंजीर हे आपल्या वड, पिंपळ आणि उंबर यांचे सख्खे भावंड. 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार आपण दुर्मीळ गोष्टीसाठी वापरतो. वस्तुतः आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या पोटातच शेकडो चिमुकली फुले दडलेली असतात. अंजिराचेही तसेच. बंद घरातील या फुलांपर्यंत पराग पोहोचवण्याचे काम एक इवलीशी गांधीलमाशी करते. फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून ती आत शिरते.

या माशीची गरज किती, यावरून अंजिराचे प्रकार पडतात. पहिला प्रकार रानअंजिराचा, म्हणजे नराचे काम करणाऱ्या झाडांचा; माशीचा संसार याच्याच फळात चालतो, पण ही फळे खाण्याजोगी नसतात. दुसरा स्मर्ना प्रकार. याची फळे परागसिंचनाशिवाय पिकतच नाहीत. तिसरा सॅन पेड्रो. याचा पहिला बहर आपोआप पिकतो, दुसऱ्याला मात्र माशी लागते. चौथा सामान्य अंजिराचा. याला बोलीभाषेत स्वयंफलित म्हणतात. शास्त्राच्या भाषेत हे अनिषेकफलन होय. येथे पराग नको, माशी नको, दुसरे झाडही नको. एकटे झाड फळे देते. घरच्या बागेसाठी निवडावा तो हाच.

या भेदाचे मोल कॅलिफोर्नियातील बागायतदारांना चांगलेच मोजावे लागले. १८८० नंतर तेथे स्मर्ना अंजिराची कलमे नेण्यात आली. झाडे वाढली, फळे मात्र कच्चीच गळू लागली. पुढे १८९९ साली फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत ती माशी स्थिरावली, तेव्हा कुठे फळे पिकली. एवढ्याशा कीटकासाठी जिथे व्यापारी बागांना इतकी वर्षे खोळंबावे लागले, तिथे अंगणातल्या एकट्या झाडाची काय कथा!

आपल्या सुदैवाने उत्तम स्वयंफलित जात आपल्या घरचीच आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पिकणारे 'पूना अंजीर' याच वर्गातले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. 'दिनकर' ही त्यातूनच निवडलेली जात. परदेशी जातींपैकी डायना, कोनाड्रिया आणि ब्राऊन टर्की याही स्वयंफलित आहेत. ज्या घरांत फळातील किडीविषयी धार्मिक वा मानसिक संकोच असतो, त्यांनीही ध्यानात घ्यावे की या जातींची फळे माशीने आत शिरल्यावाचून पिकतात.

रोप घेताना दोन पथ्ये पाळावीत. बाजारातील सुक्या अंजिराचे बी पेरू नये. अशा बियांतून उगवणारी सुमारे निम्मी झाडे नर निघतात, आणि उरलेल्यांचा गुणही मूळ झाडासारखा राहील याची शाश्वती नसते. म्हणून रोप फळ देणाऱ्या, माहितीच्या झाडाच्या फाटे कलमाचे किंवा गुटीचेच असावे. रोपवाटिकेत जातीचे नाव स्पष्ट विचारावे.

हवामानाचाही विचार हवा. अंजिराला कोरडी हवा, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. माळवा, हैदराबाद, बडोदा येथे ते सुखाने नांदेल. ग्वाल्हेरच्या थंडीत पाने गळाली तर घाबरू नये. ती झाडाची विश्रांती असते. कोवळ्या रोपाला मात्र कडाक्याच्या थंडीपासून जपावे. गोवा आणि बेळगावकडील ओल्या हवेत तांबेरा रोग लवकर पडतो आणि पावसात फळे उकलून आंबतात. तेथे मोठ्या कुंडीत, वळचणीपासून दूर, उन्हाच्या जागी झाड ठेवणे बरे. पावसाळ्यात येणाऱ्या खट्ट्या बहरापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडी येणारा मिठा बहर चवीला सरस, म्हणून त्याचीच वाट पाहावी.

झाड भिंत, विहीर आणि मोरीपासून दहा-पंधरा फूट दूर लावावे. मुळे लांबवर ओलावा शोधत जातात. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून दरवर्षी हलकी छाटणी करावी. चीक अंगाला लागल्यास कातडीची आग होते. मुलांना सावध करावे. फळ झाडावरच पिकू द्यावे, तोडल्यावर ते पिकत नाही. पाखरांसाठी जाळी टाकावी. मात्र चार फळे त्यांच्यासाठी सोडायला हरकत नाही.

स्वयंफलित अंजीर बियांनी आपला वंश जसाच्या तसा पुढे नेऊ शकत नाही. त्याची काडी कुणीतरी हाताने दुसऱ्या मातीत रोवावी लागते. शेकडो वर्षे माणसाच्या हातानेच ही जात गावोगाव गेली. दूरदेशी स्थिरावलेल्या आपल्या घरांना हे निराळे समजावून सांगायला नको. झाड फळाला आले, की छाटणीच्या दोन काड्या शेजाऱ्याच्या अंगणात अवश्य द्याव्यात.