सहा वर्षांखालच्या मुलांचा हक्क आणि संशोधनाची वाट

अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटण्याची जागा, हा समज आम्हाला वस्त्यांत काम करताना अजूनही आढळतो. खरे तर मुलाच्या भाषेचा, वाढीचा आणि आत्मविश्वासाचा पाया शाळेआधीच पडतो. कायदा मात्र इथे तोकडा आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ द्वारे ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला; सहा वर्षांखालची मुले कलम ४५ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत.

या फरकाचे मुलांवर काय परिणाम होतात, अंगणवाडीत प्रत्यक्षात काय घडते, हे शोधणे म्हणजे बालविकास व बालहक्क संशोधन. पदवीनंतर मानवविकास, समाजशास्त्र किंवा समाजकार्य यांत पदव्युत्तर शिक्षण, मग नेट किंवा पेट आणि पुढे पीएच.डी., अशी ही वाट आहे. अनुसूचित जातींच्या पीएच.डी. संशोधकांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तिच्या नोंदवह्यांत आपल्या मुलांची वजने लिहिली जातात. त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्यांतही आपल्या वस्तीतल्या मुली-मुलांनी असायला हवे, असे आम्हाला वाटते.