शेततळ्यातला परका मासा

लायनफिश नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा देखणा मासा मूळचा आपल्याच हिंदी महासागरातला आणि त्यापलीकडच्या पॅसिफिकमधला. त्याच्या परांच्या काट्यांत विष असते. कुणाच्या तरी शोभेच्या टाकीतून तो अमेरिकेच्या समुद्रात सुटला असावा. फ्लोरिडाजवळ १९८५ साली तो प्रथम दिसला आणि पुढे साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. आज तिथे पाणबुडे भाल्याने त्याला टिपतात, काटे काढून खातात, शिकारीच्या स्पर्धाही भरवतात. तेवढ्यापुरती त्याची संख्या घटते, पण तो समूळ जात नाही.

जुन्नर-आंबेगावला समुद्र कुठे आहे, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडे धरणे आहेत आणि शेततळीही आहेत. तिथला धोका आहे आफ्रिकन मांगूर. हा मिशाळ मासा हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे तो घाण पाण्यात तगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. मासे, बेडूक, किडे, कुजके मांस, त्याला काहीही चालते. देशी मागूर लहानच राहतो, हा मात्र मीटरभराहून लांब वाढतो. झटपट वाढ आणि फुकटचे खाद्य, म्हणून काहीजण तो चोरून पाळतात. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे.

एखाद्याच्या तळ्याची काळजी इतरांनी का करावी? कारण पावसाळ्यात तळे भरून वाहते. ते पाणी ओढ्यातून कुकडीला किंवा घोडला मिळते, कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा उजनीला. उजनीतली चिलापी आठवा. १९५२ साली आफ्रिकेतला हा मासा भारतात आणला गेला. आज तिथल्या जाळ्यात तो भरपूर सापडतो, आणि त्याला परत पाठवण्याचा मार्ग कुणाकडेच नाही.

घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी कुटुंबांपैकी काहींनी पुढे त्याच पाण्यात मासेमारी सुरू केली. रोहू, कटला, मृगळाची पिल्ले सोडायची आणि ती मोठी झाली की धरायची, हा त्यांचा हिशेब. पिल्लेच कुणी गिळली, तर तो हिशेब कोलमडेल.

म्हणून बंदोबस्त तळ्यातच करायला हवा. मत्स्यबीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. तळे ओढ्यात रिकामे करू नये. घरच्या टाकीतला मासा दया येऊन नदीत सोडू नये. जाळ्यात मांगूर आला, तर काट्यांपासून हात जपावा, तो पुन्हा पाण्यात सोडू नये आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. तळ्यातला मासा उपसून काढता येतो, धरणातला नाही.