फटफटी पुन्हापुन्हा बंद पडते तेव्हा

मुंबईला लालबाग-परळात आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद राहतात. पूर्वी ते गिरणीत कामाला जात. आता कोणी दुकानात आहे, कोणी फटफटीवरून घरोघर माल पोचवतो. फटफटी बंद पडली, की त्याची त्या दिवसाची कमाई बुडाली. गावीही तेच. डेअरीला दूध न्यायला फटफटी लागतेच.

समजा, अशा एका भावाने हप्त्यावर नवी मोटरसायकल घेतली. पावसाळ्यात दादरला हिंदमाताजवळ ती बंद पडली. बटण दाबले, इंजिन फिरेना. हॉर्न वाजेना. सर्व्हिस सेंटरमध्ये जळालेला फ्यूज बदलला. गाडी चालू झाली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नवा फ्यूज. महिन्याने पुन्हा तेच. मग बॅटरी बदलली. तरी गाडी बंद पडतेच. असे का होते?

गाडीत वीज फिरते कशी?

इंजिन फिरले, की त्याच्याबरोबर लोहचुंबक फिरते. शेजारी तारेचे वेटोळे असते. त्यात वीज तयार होते. ती रेग्युलेटर नावाच्या डबीत जाते. डबी विजेचा जोर आवरते आणि ती बॅटरीत भरते. बॅटरी म्हणजे विजेचा हौद. हॉर्न, दिवे, चालू करायचे बटण, सगळ्यांना वीज तिथून मिळते. वीज तारेने जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते.

फ्यूज हा या वाटेवरचा राखणदार. वीज फार जोराने धावू लागली, तर तो स्वतः जळतो आणि बाकीची गाडी वाचवतो. म्हणजे फ्यूज जळणे हा रोग नव्हे. ती राखणदाराची हाक आहे. कुठेतरी तारेचे आवरण घासून गेले आहे. उघडी तार लोखंडाला टेकते आहे. हँडलपाशी तारा रोज वाकतात, तिथे असे पुष्कळदा होते. जोडांत पाणी शिरून गंज चढला, तरी वीज अडते.

ही जागा शोधायची सोडून नुसता फ्यूज बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बॅटरी सारखी उतरत असेल, तर मीटर लावून दाखवायला सांगा. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन जोरात चालू केले, की आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो वर चढलाच नाही, तर हौद भरतच नाही. मग नवी बॅटरीही उतरणारच. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर तपासायला हवा.

एक गोष्ट कधीही करू नका. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी अडकवू नका. राखणदार काढला, की तारा तापतात. गाडी पेटू शकते.

हमीचा कागद वाचा

वॉरंटी म्हणजे हमी. किती वर्षे, किती किलोमीटर, कोणत्या सर्व्हिसिंग वेळेवर करायच्या, हे त्यात लिहिलेले असते. बॅटरीची हमी पुष्कळदा वेगळी असते. गिरगावाजवळ ऑपेरा हाऊसला जादा दिवे, मोठे हॉर्न मिळतात. पण ते बसवायला मूळ तार कापली, तर कंपनी हमी नाकारू शकते.

सही करण्याआधी वाचा

गाडी दुरुस्तीला दिली, की जॉब कार्ड लिहितात. त्यावर तुमची सही घेतात. त्यात नुसते ‘सर्व्हिसिंग’ असे लिहिले असेल, तर सही करू नका. म्हणा, “भाऊ, माझी तक्रार लिहा. तिसऱ्यांदा फ्यूज जळला. पावसात, हँडल डावीकडे वळवल्यावर.” कागदावर तारीख आणि किलोमीटर हवेत. प्रत घरी आणा. गाडी परत घेताना काय सापडले, काय बदलले, तेही लिहून घ्या.

“पुढच्या वेळी बघू” हे तोंडी असते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तीन तारखांची तीन कार्डे मात्र स्वतः बोलतात. दोष तोच आहे आणि तो गेलेला नाही, हे ती सांगतात.

दाद कुठे मागायची?

आधी विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पत्र पाठवा. स्पीड पोस्टाची पावती जपा. उत्तर आले नाही, तर १९१५ या सरकारी ग्राहक क्रमांकावर फोन करा.

तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुंबईत ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. देशात ग्राहकांचा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दक्षिण आणि मध्य मुंबईचे आयोग परळला आहेत. गावच्या माणसाने आपल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जावे.

वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील लागतोच असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. गाडी स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहकच आहे. आयोग वस्तू तपासायला पाठवू शकतो. दोष ठरला, तर तो दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. पण एक भाग बिघडला म्हणून लगेच नवी गाडी मिळत नाही. दोष पुन्हापुन्हा आला, हे दाखवावे लागते. तिथे तुमची कार्डे कामाला येतात.

लक्षात ठेवा

फ्यूज जळला, तर कारण विचारा.
मूळ तारा कापू नका.
वाचल्याशिवाय सही करू नका.
प्रत्येक कागद जपून ठेवा.

पूर्वी दुसऱ्याने लिहायचे आणि आपण अंगठा उठवायचा. आता तुम्हाला वाचता येते. ते अक्षर इथे वापरा.