आवाज स्पष्ट, डोळे शांत

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके त्याच्या पायथ्याशी. जिल्ह्याचे मुख्य ठाणे अजिंठ्याच्या डोंगररांगांत. डोंगर आडवा आला की मोबाइलच्या लहरी क्षीण होतात. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे मिटली, तेव्हा अशा भागांत शिकवणे पुष्कळदा लहरींच्या मर्जीवर राहिले. तो काळ सरला. परंतु शिकवण्या, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन आणि छंदवर्ग आजही ऑनलाइन चालतात. म्हणून वेगाचा व साधनांचा विचार शिक्षकाने आणि पालकांनीही करायला हवा, कारण त्याचा संबंध मुलांच्या डोळ्यांशी व कानांशी आहे.

इंटरनेटचा वेग दुहेरी असतो: माहिती उतरवून घेण्याचा आणि वर पाठवण्याचा. जाहिरातीत पहिलाच ठळक असतो. शिकवणाऱ्याचे काम मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते. झूमवरील समूहवर्गात चांगले चित्र पाठवण्यास सुमारे १ एमबीपीएस आणि पाहण्यास ६०० केबीपीएस लागतो. नुसत्या आवाजाला ६० ते ८०, तर चेहऱ्याविना पडदा दाखवण्यास ५० ते ७५ केबीपीएस पुरतात. आता घरचा हिशेब मांडू. दोन भावंडे एकाच जोडणीवर प्रत्येकी तीन तास शिकली, तर चित्रासह सुमारे १.६ जीबी डेटा संपतो. दिवसाला दीड जीबीची योजना तेथेच आटोपते. आवाज आणि फलक एवढ्यावर वर्ग घेतला, तर तेच काम सुमारे ४२० एमबीत होते.

आरोग्याचा प्रश्न येथेच येतो. आवाज तुटू लागला की मूल पडद्याला नाक लावते आणि इअरफोनचा आवाज वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी सांगितली आहे. इकडे शिक्षकही ओरडून बोलू लागतो आणि त्याचा घसा बसतो. म्हणून खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम चांगला माइक, मग प्रकाश आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. माइक असलेला साधा तारेचा इअरफोनही पुष्कळ काम भागवतो. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर घ्यावी. फोन स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे मान झुकत नाही. शक्य तेथे संगणक तारेने राउटरला जोडावा; वीज जाते तेथे राउटरला लहान बॅटरीचा आधार द्यावा.

दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नियम शिक्षकाने वर्गातच पाळून घ्यावा. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सुचवली होती. ऑनलाइन वर्ग असलेल्या दिवशी तेवढे पुरे मानून उरलेला वेळ अंगणाला द्यावा.

त्याच महिन्यात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. इंटरनेटशिवायही घरोघरी शिकवता येते, हे तिने दाखवले. ऑनलाइन शिक्षकानेही त्यातून बोध घ्यावा. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतावर जातो. अशा मुलासाठी पाठाचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे; संध्याकाळी फोन घरी आला की ते ऐकता येते आणि डोळ्यांनाही विश्रांती मिळते.

नवा वर्ग सुरू करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. ज्याची जोडणी सर्वांत दुबळी आहे, त्या मुलाला पाच मिनिटे शिकवून पाहावे आणि काय ऐकू आले, काय दिसले, ते त्यालाच विचारावे. त्याला निमूटपणे, कान न ताणता ऐकू आले, तर इतरांची काळजी करण्याचे फारसे कारण उरत नाही.