चार गुंठ्यांची शाळा

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की लाखो मुलांच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न उभा राहतो. त्या देशाची श्रीमंती ऐकून असलेल्या आपल्याला हे चटकन पटत नाही. पण शालेय जेवणाची योजना तिथे १९४६ पासून कायद्याने चालते आणि शाळेच्या दिवसांत जवळपास तीन कोटी मुलं शाळेतच जेवतात. त्यांतल्या बहुतेकांना ते जेवण फुकट किंवा अगदी कमी दरात मिळतं. शाळा बंद म्हणजे ताट बंद. म्हणून १९६८ मध्ये सुट्टीतल्या जेवणाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे त्याची स्वतंत्र योजना झाली. न्यूयॉर्क शहरात जुलै महिन्यात बागांत, शाळांच्या आवारात, पोहण्याच्या तलावांजवळ अठरा वर्षांपर्यंतच्या कुणालाही जेवणाचा डबा मिळतो. उत्पन्नाचा दाखला वगैरे कुणी मागत नाही.

या डब्यांसाठीच्या रांगांच्या आसपास, नाहीतर वाचनालयात आणि वस्तीतल्या सुट्टीच्या शिबिरांत, एखादं टेबल मांडलेलं दिसतं. त्यामागे वीस-एकवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी असते. टेबलावर कोलाची बाटली, साखरेचा डबा, चमचा आणि रिकामा ग्लास. बाटलीवरचं लेबल मुलांनी मोठ्याने वाचायचं. वीस औंसांच्या, म्हणजे सुमारे ५९० मिलिलिटरच्या बाटलीत ६५ ग्रॅम साखर. चार ग्रॅमचा एक चमचा धरून भागाकार मुलांनीच करायचा आणि साखर ग्लासात मोजून टाकायची. सोळा चमचे होतात. दहाव्या चमच्याला हसणारी पोरं सोळाव्याला गप्प होतात, आणि साखर वाईट असते हे शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हा पाठ कॉर्नेल विद्यापीठाने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बसवलेल्या सहा पाठांपैकी आहे. गोड पेयांऐवजी पाणी आणि कमी स्निग्धांशाचं दूध, ताटात रंगीत भाज्या, लेबल वाचूनच खाणं, निम्मं धान्य तरी अखंड, तळलेल्या-गोड पदार्थांना आवर आणि सकाळची न्याहारी, एवढाच अभ्यासक्रम. प्रत्येक पाठात धावपळीचा एक खेळ असतो आणि मुलांनी स्वतःच्या हाताने करून खायचा एक पदार्थ असतो. टेबलामागची ती मुलगी उन्हाळी इंटर्न आहे. विद्यापीठ दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, विस्तार कार्यालयांत पाठवतं. विस्तार म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेणं. सगळे शेतीचे विद्यार्थी नसतात. कुणी पोषणशास्त्राचं असतं, कुणी मानसशास्त्राचं. न्यूयॉर्कसारख्या शहरात याच विस्तार यंत्रणेने शाळांत मातीविना शेतीच्या प्रयोगशाळा चालवल्या आहेत. ज्या पोरांनी आयुष्यात शेताचा बांध पाहिलेला नाही, ती पाण्याचा सामू मोजतात, लेट्यूसची रोपं लावतात आणि महिना-सव्वा महिन्यात ती कापून खातात.

शेती आणि आहार एका टेबलावर आणणारी ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात शेतकऱ्यांच्या अविश्वासातून झाली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेतकी महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या, १८८७ च्या हॅच कायद्याने संशोधन केंद्रं उभी केली. ज्ञान तयार होऊ लागलं, पण ते घेणारं गिऱ्हाईक सापडेना. कोट घातलेला प्राध्यापक बांधावर येऊन बियाणं बदलायला सांगतो, हे शेतकऱ्यांना पटत नव्हतं. 'पुस्तकी शेती' म्हणून ते हसण्यावारी नेत. कुठल्याही देशाचा शेतकरी हेच करील. पीक बुडालं तर प्राध्यापकाचा पगार थोडाच बुडतो?

मग बापाला सोडून पोरांकडे वळायचं ठरलं. १५ जानेवारी १९०२ रोजी ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने तीसेक मुलामुलींना न्यायालयाच्या तळघरात जमवलं. मक्याचं निवडक बी घरी लावून पाहायचं आणि लिटमस कागदाने वावरातली माती तपासायची, एवढंच काम. आजची 'फोर-एच' ही युवक संघटना आपला जन्म या तळघरात मानते. दक्षिणेत मक्याचे क्लब निघाले. १९१० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या पोराने एका एकरात २२८ बुशेल मका काढला. आपल्या हिशेबात हे ५८ क्विंटल होतात. राज्याची सरासरी त्याच्या जवळपासही नव्हती. पोराच्या पट्ट्यातलं पीक पाहिल्यावर बापाला महाविद्यालयाचं पत्रक वाचायची गरज उरली नाही.

मला मात्र या इतिहासात मक्यापेक्षा टोमॅटो मोलाचा वाटतो. त्याच वर्षी, त्याच राज्यात, एकन काउंटीतल्या मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा क्लब काढला. प्रत्येक मुलीने एक दशांश एकर जमीन कसायची. चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर बरोबर चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचे, खुरपायचे, तोडायचे, उकळून डब्यात बंद करायचे, लेबल चिकटवायचं, विकायचे आणि हिशेब वहीत मांडायचा. आलेला पैसा तिचा. मुलांना वाढवलेलं उत्पन्न दाखवायचं होतं. मुलींच्या चार गुंठ्यांत बियाण्यापासून हिवाळ्यातल्या जेवणापर्यंतचा सगळा प्रवास होता. शेतीशाळा आणि पोषणशाळा अशी फाळणी त्यांना ठाऊकच नव्हती. फाळणी पुढे झाली, खाती वाढली तेव्हा.

फाळणी दुसरीही होती, आणि ती पहिल्यापासून होती. दक्षिणेत काळ्या मुलांचे क्लब वेगळे, त्यांचे कार्यकर्ते वेगळे, त्यांना मिळणारा पैसा कमी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच हे भेद कायद्याने मोडले. संघटनेच्या गौरवग्रंथांत हा भाग घाईने उरकलेला असतो. पण शेत आणि स्वयंपाकघर जोडण्याचं सगळ्यांत पक्कं काम याच उपेक्षित बाजूला झालं, आणि ते करणारा माणूस मराठी वाचकाच्या घरातलाच आहे. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'ने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या काळ्या कृषिशास्त्रज्ञाला आपल्याकडे जी माया मिळवून दिली, तेवढी त्याच्या देशाबाहेर त्याला आणखी कुठे मिळाली असेल, शंका आहे.

त्या मायेत एक गोष्ट मात्र मागे पडते. आपण भुईमुगापासून केलेल्या शेकडो वस्तू मोजत बसतो आणि त्याची पत्रकं विसरतो. कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेत आला तेव्हा तिथली जमीन कापसाने पिळून निघाली होती आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या पानात मका, काकवी आणि खारवलेली चरबी यांपलीकडे फारसं काही नव्हतं. त्याने चवळी, रताळं, भुईमूग लावायला सांगितलं. चवळी आणि भुईमूग जमिनीत नत्र धरतात, हे शेताचं कारण. त्यांत प्रथिनं आहेत, हे घराचं. १९१६ च्या भुईमुगाच्या पत्रकात आधी लागवड येते आणि मग खाण्याचे १०५ प्रकार. एकाच पत्रकात नांगर धरणाऱ्यालाही मजकूर आहे आणि चूल पेटवणारीलाही. १९०६ मध्ये तर टस्कीगीने गाडीच जुंपली. जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाने पैसे दिले म्हणून 'जेसप वॅगन' असं तिचं नाव पडलं. नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र, दूध तपासायची साधनं लादून टॉमस कॅम्पबेल हा तरुण कार्यकर्ता ती वस्तीवस्तीत नेई. सरकारी विस्तारसेवेचा स्मिथ-लिव्हर कायदा यायला त्या वेळी अजून आठ वर्षं होती. तो १९१४ चा.

आजची इंटर्न या गाडीची वारसदार आहे, पण तिच्याकडे आठ-दहा आठवडेच असतात. एवढ्यात वस्तीतली आई तिच्यावर का विश्वास ठेवील? ठेवत नाही, आणि यंत्रणेला ते ठाऊक आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'एफनेप' या आहारशिक्षणाच्या योजनेने त्यावर साधा उपाय काढला. शिकवणाऱ्या बायका त्याच वस्तीतून निवडायच्या. पदवी नसली तरी चालेल, पण महिनाअखेरीला घर कसं चालतं हे माहीत हवं. तरुण इंटर्नला अशा बाईच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि तिथे पुस्तकातलं बरंच काही गळून पडतं. ताजी ब्रोकोली खा म्हणायचं, तर ती मिळणारं दुकान दोन बस बदलून. मग डब्यातल्या घेवड्याचं मीठ धुऊन कसं टाकायचं, हे दाखवायचं. आपल्या अंगणवाडीताई किंवा आशाताई नव्या डॉक्टरला जे शिकवतात, ते हेच.

शेती आणि आहार असं एकत्र शिकवण्याचा उपयोग होतो का? टेक्सासात ऑस्टिनच्या आसपासच्या १६ प्राथमिक शाळांत याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. निम्म्या शाळांत वर्षभर बाग, बागेतले पाठ आणि रांधण्याचे वर्ग, निम्म्या शाळा तुलनेसाठी. बागेच्या शाळांतली मुलं भाजी थोडी जास्त खाऊ लागली. पण त्यांची गोड पेयं कमी झाली नाहीत, आणि वजन-रक्तदाबात फरक पडला नाही. हा निकाल प्रामाणिकपणे घ्यायला हवा. मूल बागेतली काकडी आवडीने खाईल, पण कोपऱ्यावरच्या दुकानात कोला पाण्याच्या भावात मिळतो तोवर तो सुटणार नाही. दुकान बदलणं इंटर्नच्या हातात नाही.

तिथल्या राजकारणाने मात्र याचा सोयीचा अर्थ काढला. अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांच्या आहारशिक्षणाची 'स्नॅप-एड' ही योजना, वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलरची, ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने बंद केली. परिणाम दिसत नाही, असं कारण देण्यात आलं. ३० सप्टेंबरला तिचा पैसा थांबला आणि विद्यापीठांनी विस्तार विभागातल्या माणसांना नारळ दिला. एफनेप अजून चालू आहे. पण ज्या बायकांच्या हाताखाली इंटर्न शिकत, त्यांतल्या कितीतरी आता कामावर नाहीत. स्थूलपणाला जाहिराती, दुकानं आणि भाव जबाबदार आणि शिक्षा शिकवणारीला, असा हा न्याय आहे.

आता आपल्याकडे येऊ. हे येणं ओढूनताणून नाही. भारतातली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्या त्या जमीन-अनुदानाच्या विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली आणि मदतीसाठी महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आलं. १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हा तिपेडी साचा तिथूनच आला. इंटर्नही आली, नाव बदलून. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात जातात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो.

वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत त्यांची छायाचित्रं ठरलेली असतात. सोयाबीनच्या बियाण्याला बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, ॲझोलाचा खड्डा, माती परीक्षणाचा नमुना, चावडीसमोर रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा. मागे फ्लेक्स. काही वेळा फ्लेक्स प्रात्यक्षिकापेक्षा मोठा असतो. मुलं मनापासून काम करतात, यात शंका नाही. पण भर खरिपात खुरपणी-फवारणीच्या घाईत असलेल्या, तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला बीजप्रक्रिया शिकवायला एकवीस वर्षांचं पोर पाठवायचं, म्हणजे कोटवाल्या प्राध्यापकाचीच चूक धाकट्या मापात करायची.

त्याच गावात जिल्हा परिषदेची शाळा भरलेली असते. अमेरिकेतल्या इंटर्नला मुलं शोधत बागा आणि वाचनालयं पालथी घालावी लागतात, कारण तिच्या कामाच्या दिवसांत शाळा बंद असतात. आपला कृषिदूत गावात असतो तेव्हा शाळा चालू, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजतेय, कितीतरी शाळांत परसबाग आहे आणि वर पाऊस आहे. भेंडी, गवार, चवळी, दोडका टोकायला याहून चांगले दिवस नाहीत. कृषिदूत या शाळेत जातो, पण वृक्षारोपणाला आणि निबंधस्पर्धेच्या बक्षीस समारंभाला.

हातची संधी जाते म्हणजे काय, ते बाजरीवरून पाहा. लोहाचं प्रमाण वाढवलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आलं. त्याच जातकुळीच्या बाजरीची चाचणी कॉर्नेलच्या पोषणशास्त्रज्ञांनी भारतीय सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांवर केली. १२ ते १६ वयाची २४६ मुलं, सहा महिने, भाकरी आणि शेव. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्या मुलांमध्ये ही बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवाल्यांच्या दीडपटीहून जास्त निघाली. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आढळली. म्हणजे दुखणं इथलं, धान्य इथलं, पुरावाही इथलाच. तरी वाणाची माहिती कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत राहते आणि लोहाच्या गोळ्या आरोग्य खात्याच्या पिशवीत. आठवीतल्या मुलीला दोन्ही एका तासात सांगणारं कुणी नाही.

सांगणारी माणसं आहेत. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात अन्नविज्ञान आणि पोषण हा विषय आहे. परभणीच्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचं, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञानाचं, महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थिनी आणि कृषिदूत यांची जोडी एका गावात, एका शाळेत पाठवायला नवा कायदा लागत नाही आणि वेगळा निधीही नको. कार्यानुभवाच्या गुणपत्रिकेत शाळेच्या तासांना गुण ठेवले की पोरं आपोआप तिकडे वळतील. परीक्षार्थी कुठल्याही देशाचा असो, गुणांमागे जातो.

विद्यापीठं हे कधी करतील ते करोत. तोवर ज्यांच्या गावात पुढच्या पावसाळ्यात कृषिदूत येतील, त्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना एक विनंती. त्यांच्याकडे आठवड्याचा एक तास मागून घ्या. पहिल्या तासाला पावशेर चवळीचं बियाणं लागेल, कोला आणि साखरेचा डबा लागेल. शेंगा दोन महिन्यांत येतील. त्यांची भाजी मुलांकडूनच करून घ्या.