हायलमचे दिवस

शिवरे-खेड शिवापूर पट्ट्यातल्या वीज-पॅनेलच्या शेडमध्ये हल्ली ऑर्डरवर एवढंच येतं : ‘एफआर-४, १० एमएम.’ ग्लास इपॉक्सीचं हे इन्सुलेशन शीट कुठे बसणार, तिथे ओल आहे की ठिणगी, हे कुणी लिहीत नाही. जुन्या कारागिरांना हे झोंबतं, आणि ते योग्यच आहे.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात उरकता येतील. रसायनशास्त्रज्ञ बेकलंडने १९०७ मध्ये फिनॉलिक रेझिन सिद्ध केलं. त्यात भिजवलेले कागद दाबाखाली तापवून पुढे शीट बनू लागलं. आपल्याकडे हैदराबादच्या ‘बेकेलाइट हायलम’चा माल एवढा रुळला, की कुठलंही तपकिरी शीट ‘हायलम’च झालं.

खरी शाळा भरली ती १९९०च्या दशकात. कमी व्होल्टेजने किंवा एक फेज गेल्याने विहिरीवरच्या मोटारी जळायच्या, आणि रिवाइंडिंगवाल्याला टर्मिनल प्लेट शीटमधून हाताने कापावी लागायची. त्यातूनच तो शीटची पारख शिकला. कोरड्या जागी कागदी हायलम चालतं. गिअर आणि बुशला सुती कापडाचं हवं, कारण ते लेथवर स्वच्छ कापलं जातं. जागा ओली असेल आणि ताकदही हवी असेल तर ग्लास इपॉक्सी. कापलेल्या कडेतून पावसाळी दमट हवा थरांत शिरते, म्हणून कडांना व्हार्निशचा हात. कडेतून, थरांच्या दिशेने भोक पाडलं की शीट उकलतं. ग्लास इपॉक्सी साध्या एचएसएस ड्रिलची धार खाते. तिथे कार्बाइडच लागतं, आणि त्या धुळीने अंगाला खाज सुटते, मास्कशिवाय ती छातीत जाते.

त्याच काळात फसवणूकही भरपूर झाली. आयएस २०३६ मध्ये फिनॉलिक शीटचे प्रकार ठरवून दिलेले असताना काही व्यापारी हलक्या प्रतीचं शीट इलेक्ट्रिकल म्हणून गळ्यात मारत. वीज त्यातून वाट काढी, बोल मात्र रिवाइंडिंगवाल्याला लागे.

आज माल मुबलक आहे, पण पारख उरली नाही. एफआर-४ मजबूत असतं, आग सहज धरत नाही. म्हणून ते सगळीकडे चालेल असं गृहीत धरलं जातं. पण धूळ आणि ओल बसलेल्या पृष्ठभागावर वीज सरपटली की साधारण एफआर-४ वरही जळका कार्बनी माग उमटतो. बसबारच्या आधाराला पॉलिएस्टर ग्लास-मॅटचं जीपीओ-३ किंवा साच्यात दाबलेलं डीएमसी त्याहून बरं टिकतं. ऑर्डर लिहिणाऱ्याने जाडीशेजारी व्होल्टेज, तापमान आणि जागा ओली की कोरडी एवढं लिहिलं, तर शिवऱ्यातला कारागीर आजही योग्य शीट निवडून देईल.