डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?

शाहूपुरीत आमच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. वय सेहेचाळीस. घरात बायको, शिकणारी दोन मुले आणि म्हातारी आई. गेल्या वर्षी एका पहाटे त्यांचा उजवा हात व पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले, जीव वाचला. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कागदावर शेवटची ओळ होती, ‘फिजिओथेरपी घ्यावी.’ ती कुठे घ्यावी, किती दिवस घ्यावी, पैसे कोण देणार, यातले काहीच त्यावर नव्हते.

घरी येऊन व्यायाम घेणाऱ्याचे दर खेपेचे चारशे रुपये. तीन आठवडे कसेबसे चालले, मग बंद पडले. पुढे कुणी तेल सांगितले, कुणी मालिशवाला सांगितला. दीड महिन्यात हाताची मूठ आवळून बसली, खांदा दुखू लागला, पाठीला जखम झाली. एके दिवशी वहिनी आमच्या दारात आल्या.

“दादा, कार्ड हाय आमच्याकडं. पण कार्डावर पुढचं बघणारा डाक्टर कुठं हाय, तेवढं सांगा की.”

हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाही. पक्षाघात, मणक्याला मार, यंत्रात गेलेला हात, अपघातात कापलेला पाय, अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. माणूस वाचतो, पण पुन्हा उभा राहत नाही. म्हणून वहिनींच्या निमित्ताने जी माहिती गोळा झाली, ती सर्वांसाठी येथे देत आहे.

हा डॉक्टर कोण?

फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घेतात. त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु पुनर्वसनाचा स्वतंत्र डॉक्टरही असतो. एमबीबीएस झाल्यावर ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ या विषयात त्याने पुढचे शिक्षण घेतलेले असते. ताठरलेला स्नायू सैल कसा करावा, कोणता पट्टा किंवा कृत्रिम पाय बसवावा, लघवीवरचा ताबा सुटला तर काय करावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर केव्हा वळवावे, माणूस कामावर कसा परत जाईल, हे सारे तो एकत्र पाहतो. असे डॉक्टर थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मुंबईत हाजीअलीला याच विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. आपल्याकडून महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरला उतरून लोकलने महालक्ष्मी स्टेशन गाठले की ती जवळ पडते. पण प्रत्येकाने मुंबई गाठण्याची गरज नाही. आधी आपल्या सीपीआरमध्ये केसपेपर काढून भौतिकोपचाराची चौकशी करावी. पुढे पाठवायचे असेल तर तिथूनच चिठ्ठी घ्यावी.

कार्डावर काय मिळते?

फुले योजना २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. रोज जाऊन येऊन करायचा व्यायाम तीत साधारणतः बसत नाही. म्हणून आपण फसतो.

यावर उपाय एकच. डिस्चार्जच्या आधी, पेशंट खाटेवर असतानाच विचारावे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला विचारावे, आमच्या आजारासाठी पुढचा कोणता उपचार यादीत आहे? तो कोणत्या रुग्णालयात मिळेल? डॉक्टरांना म्हणावे, पुढच्या उपचाराची चिठ्ठी ठिकाणाच्या नावासह लिहून द्या. आरोग्यमित्र भेटला नाही तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. विचारायला लाजू नये. ही भीक नव्हे, हक्क आहे.

पक्षाघातात पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतरही होते, पण सावकाश. त्यामुळे वाया गेलेला एकेक आठवडा महाग पडतो.

पगाराच्या पावतीतला हक्क

वहिनींनी आणलेल्या पिशवीत कागदांबरोबर नवऱ्याच्या पगाराची पावती होती. मी कारकून माणूस, आकडे आधी बघतो. अठरा हजार पगारावर ‘ईएसआय’ म्हणून १३५ रुपये कापलेले होते. म्हणजे पाऊण टक्का. मालकाचे सव्वातीन टक्के धरून ५८५ रुपये. दर महिन्याला ७२० रुपये या माणसाच्या नावे भरले जात होते आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता!

कामगार राज्य विमा योजनेत दवाखान्यात रोज जाऊन घ्यायचे उपचारही मिळतात, घरच्या अवलंबितांनाही मिळतात. विमा दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन तज्ज्ञाकडे जाता येते. कामावर हात-पाय गेला तर कृत्रिम अवयव मिळतो. त्या काळात तात्पुरत्या अपंगत्वासाठी पगाराच्या ९० टक्के भत्ता असतो. पक्षाघातासारख्या दीर्घ आजारात नोकरीच्या ठरावीक अटी पूर्ण असतील तर ८० टक्क्यांपर्यंत भत्ता दोन वर्षे मिळू शकतो. २०१७ मध्ये योजनेसाठी पगाराची मर्यादा २१ हजार ठरली. मर्यादा बदलत असते, म्हणून कार्यालयात विचारून घ्यावे.

ही योजना आभाळातून पडलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. ज्या खात्यातून ही वाट निघाली ते बाबासाहेबांचे होते, आणि आपण मात्र पावती न वाचता घडी घालून ठेवतो!

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही वेगळी विमा योजना आहे. तीत एक लाखापर्यंत संरक्षण असून बाहेरून घ्यायची थेरपीही धरली जाते. अपंगत्व कायमचे ठरले तर दिव्यांग प्रमाणपत्र जरूर काढावे.

धीर हवा असेल तर आपल्याच गावाकडे पाहावे. ऐन तरुणपणी पाय लुळे पडून चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि कितीतरी अपंगांना शिक्षणाच्या व रोजगाराच्या वाटेवर आणले. खुर्ची आली म्हणजे आयुष्य संपले, असे नाही.

आमचे शेजारी आता काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. विमा दवाखान्याच्या चिठ्ठीवर उपचार चालू आहेत, भत्त्याचा अर्जही भरला आहे. हाताची मूठ मात्र अजून पुरती उघडत नाही. ते दोन महिने आधी मिळाले असते तर, असे वहिनी म्हणतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते.

म्हणून एवढेच सांगणे आहे. आज संध्याकाळी घरातल्या कमावत्या माणसाची पगाराची पावती काढा. ‘ईएसआय’ची ओळ आहे का पाहा. असेल तर विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि तो घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या. कारण आजारी पडलेला माणूस स्वतः धावपळ करू शकत नाही, ती तिलाच करावी लागते.